कर्क्युमिन की जिंजेरॉल? नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखण्याच्या प्रयोगासाठी

पुण्यात एम.एस्सी.चा प्रकल्प ठरवताना घोडं अनेकदा इथेच अडतं: हळदीतलं कर्क्युमिन घ्यावं की आल्यातलं ६-जिंजेरॉल?

द्रावण दोन्हींचं सोपं. १० मिलिमोलर तीव्रतेसाठी १ मिली डीएमएसओत (हा द्रावक) कर्क्युमिन ३.६८ मिग्रॅ, जिंजेरॉल २.९४ मिग्रॅ. हजारपट पातळ केलं की १० मायक्रोमोलर, डीएमएसओ ०.१ टक्का. औषधाविना तेवढंच डीएमएसओ घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, हवाच.

खरी गोम टिकाऊपणात. सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसलेल्या, ७.२ पीएच टिकवणाऱ्या बफर द्रावणात ३७ अंशांवर कर्क्युमिन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होतं. उजेडही सोसत नाही. नळी फॉइलमध्ये गुंडाळा, पातळ करायचं ते आयत्या वेळी. शिवाय त्याची स्वतःची हिरवी चमक आहे. कॅल्सीन या हिरव्या चमकत्या रंगाने रंगवलेल्या रक्तवाहिनीच्या पेशींचं जाळं मोजताना ती घात करते, म्हणून रंग न घातलेला, नुसत्या कर्क्युमिनचा कंट्रोलही ठेवा. जिंजेरॉलला ही कटकट नाही, पण तापलं की पाण्याचा रेणू गमावून त्याचं शोगाओल हे वेगळं संयुग होतं. मंडईतलं ओलं आलं आणि सुंठ म्हणूनच एक नव्हे.

पैशाच्या बाबतीत कर्क्युमिन बरंच स्वस्त. मात्र बाटलीत बहुधा तीन कर्क्युमिनॉइडांची (कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं) मिसळ असते. कॅप्सूलवाल्यांचे दावे सोडून द्या, प्रयोगाच्या प्लेटमधल्या पेशींवरचा परिणाम रुग्णाला लागू होत नाही.

बजेट तुटपुंजं आणि तुलनेला भरपूर शोधनिबंध हवे असतील तर कर्क्युमिन. फ्लुओरोसन्सवरच, म्हणजे रंगाची चमक मोजण्यावरच, सगळी मदार असेल तर जिंजेरॉल.