ठिबकच्या दुकानात आठ महिने ई-रीडर

मे महिन्यात सावद्याला पारा ४५ च्या वर असताना हे यंत्र घेतलं. दुपारी बारा ते चार आमच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही, आणि मोबाइल चाळून डोकं उठायचं. याचा पडदा कागदासारखा. शटरमधून ऊन थेट आलं तरी अक्षर दिसतं. रोज दीड-दोन तास वाचून चार्जिंग पंधरा-वीस दिवस पुरतं. तक्रार एकच, पण मोठी: स्कॅन केलेली मराठी पुस्तकं वाचवत नाहीत. अक्षर मुंगीएवढं, मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर.

म्हणून इंग्रजीच जास्त झालं. झटपट श्रीमंतीची तीन पुस्तकं पन्नास पानांत सोडली. क्लेटन ख्रिस्तेन्सेनचं ‘द इनोव्हेटर्स डायलेमा’ (१९९७) मात्र दोनदा वाचलं. त्यातली गोष्ट अशी: संगणकाची हार्ड डिस्क १४ इंचांवरून ८, मग सव्वापाच, मग साडेतीन इंचांवर आली, आणि आधीच्या आकारातल्या दादा कंपन्या बहुतेक वेळा पुढच्यात मागे पडल्या. कारण त्या मोठ्या गिऱ्हाइकांचंच ऐकत बसल्या. इथं मी यंत्र खाली ठेवलं. केळीवाले जाड नळी मागतात, म्हणून एका हंगामाची पातळ ड्रिप टेप मी ठेवतच नव्हतो. टरबूजवाले समोरच्या दुकानात जाऊ लागले तेव्हा ‘जाऊ दे, उधारीची गिऱ्हाइकं’ म्हणालो होतो. त्यातले दोघं आता केळी लावतात. नळी तिथूनच नेतात.

अँडी वीअरचं ‘द मार्शियन’ म्हणजे आमच्याच धंद्याचं पुस्तक. कादंबरीत मंगळावर एकटा अडकलेला अंतराळवीर तिथं बटाटे लावतो: मैल्याचं खत, हायड्राझिन या यानाच्या इंधनापासून पाणी, आणि हिशेब लिटरालिटराचा. ज्या वादळामुळे तो अडकतो, ते सुरुवातीचं वादळ खोटं आहे. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तो वारा काय उलथवणार! माझं भांडण मातीशी. नासाच्या फिनिक्स यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार सापडले. खारवट रानात आधी पाणी सोडून क्षार खाली उतरवावे लागतात, हे तापीकाठचा कोणीही सांगेल. हा पठ्ठ्या सरळ लागवडच करतो.

जयंत विष्णू नारळीकर वडिलांच्या कपाटातून काढून कागदावरच वाचले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं धाडली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाकडे पाहून बक्षीस नको म्हणून. बक्षीस मिळालंच. समोर केळीची एक गाडी भरेपर्यंत कथा वाचून होते.