निळा पडदा एका संगणकावर, ‘दुरुस्ती’ दुसऱ्याच

टेबलावरच्या संगणकात विंडोज नव्याने टाकताना निळा पडदा येऊन काम वारंवार अर्ध्यावर बंद पडू लागले, तेव्हा मदतीच्या नावाखाली मला ज्या रीतीने गंडवण्यात आले ती रीत मी येथे तपशिलाने लिहीत आहे. संगणकाच्या बाबतीत मी अगदी अडाणी नाही, इन्स्टॉलेशन यापूर्वीही स्वतः केलेले आहे, आणि तरीही फसलो. म्हणून माझ्यासारख्या ‘थोडेफार कळणाऱ्यांनी’ हे विशेष लक्ष देऊन वाचावे.

इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनानेच तयार केला होता. फायली उतरवण्याचे काम सुरू होई आणि कधी १८ टक्क्यांवर, कधी ६३ टक्क्यांवर पडदा निळा होऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होई. पहिल्या वेळी पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे शब्द होते, दुसऱ्या वेळी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ आणि तिसऱ्या वेळी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. पेन ड्राइव्ह दोनदा नव्याने तयार करूनही फरक पडला नाही. रात्र बरीच झाली होती आणि दुसऱ्या दिवशी संगणक हवाच होता, त्यामुळे डोके शांत नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

शेजारी असलेल्या लॅपटॉपवर मी तो संदेश शोधला. सर्वांत वर जे आले ती जाहिरात होती, हे मला नंतर कळले. त्या वेळी दिसला तो फक्त ओळखीचा लोगो आणि मदतीचा फोन क्रमांक. फोन उचलणारा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने स्टॉप कोड, म्हणजे निळ्या पडद्यावर आलेले ते त्रुटीचे शब्द, विचारले, मी सांगितले ते त्याने लिहून घेतल्यासारखे केले आणि मग म्हणाला, “साहेब, बिघडलेल्या मशीनवर तर मला येता येणार नाही, तुमच्याकडे दुसरे चालू मशीन असेल तर त्यावर मला जोडून घ्या.” मी त्याने सांगितलेले सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवले आणि त्यातला क्रमांक वाचून दाखवला. माउसचा बाण माझ्या हाताशिवाय हलू लागला.

पुढचा अर्धा तास म्हणजे निव्वळ हातचलाखी होती. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी सरकवत नेली आणि त्या खुणा मला मोजायला लावल्या. वास्तविक अशा नोंदी धडधाकट संगणकातही शेकड्यांनी साठलेल्या असतात, कारण एखादी सेवा सुरू व्हायला क्षणभर उशीर झाला तरी विंडोज त्याची नोंद करून ठेवते. मग त्याने आज्ञा लिहिण्याच्या काळ्या खिडकीत नेटस्टॅट ही चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा दिली. तिच्या एका रकान्याचे शीर्षक ‘फॉरेन अॅड्रेस’ असे असते. त्या शब्दावर बाण फिरवत तो म्हणाला, “हे सगळे परदेशातून तुमच्या नेटवर्कमध्ये बसलेत, म्हणून नवी सिस्टिम टिकत नाही.” तेथे ‘फॉरेन’चा अर्थ एवढाच, की जोडणीचे पलीकडचे टोक, शेजारच्या खोलीतला प्रिंटरसुद्धा त्या रकान्यात येऊ शकतो. शेवटी त्याने ८८८ने सुरू होणारा एक लांब क्रमांक माझ्याकडून वाचून घेतला आणि तो त्याच्या नोंदीशी तंतोतंत जुळत असल्याचे सांगितले. जुळणारच होता, कारण तो विंडोजच्या एका अंतर्गत घटकाचा क्रमांक आहे आणि प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो. माझा संशय नेमका याच ठिकाणी मावळला, आणि ‘पाच वर्षांच्या संरक्षणा’चे पैसे मी कार्डावरून भरले, ओटीपीही स्वतःच टाकला.

पैसे गेल्यावर त्याने लॅपटॉपमधल्या काही तात्पुरत्या फायली पुसल्या आणि आता इन्स्टॉलेशन नीट होईल, असे सांगून फोन ठेवला. मी पुन्हा सुरुवात केली. ४१ टक्क्यांवर निळा पडदा.

तेव्हा कुठे ध्यानात आले, की बिघाड एका संगणकात होता आणि रोगी ठरवून तपासला गेला होता दुसराच. लॅपटॉप कधीच बंद पडला नव्हता. शिवाय ज्या संगणकात अजून सिस्टिमच बसलेली नाही आणि ज्याला नेटची तारही जोडलेली नाही, त्याचे इन्स्टॉलेशन ‘परदेशातले लोक’ अडवणार कसे, हा साधा प्रश्न मला अर्ध्या तासात एकदाही सुचला नाही. खऱ्या निळ्या पडद्यावर स्टॉप कोड असतो, २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत क्यूआर कोडही दिसतो, आणि विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत तर तो पडदा निळ्याऐवजी काळा झाला आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात फोन क्रमांक कधीच नसतो.

मूळ दुखणे रॅमचे, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या पट्ट्यांचे, निघाले. स्टॉप कोड दर वेळी एकच येत असेल तर एखादा ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा बायोसमधली (संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) डिस्कची सेटिंग आधी तपासावी. उदाहरणार्थ ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा संदेश बहुधा त्या बाजूचा असतो. पण कोडही बदलतो आणि थांबण्याची जागाही बदलते, तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यावा. मी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासण्याचे साधन पेन ड्राइव्हवरून चालवले. दोन्ही पट्ट्या बसवलेल्या असताना काही मिनिटांतच लाल ओळी भराभर उमटू लागल्या. एकेक पट्टी वेगळी काढून, त्याच खाचेत बसवून तपासल्यावर एकीवर त्या पुन्हा दिसल्या आणि दुसरीने चारही फेऱ्या निर्दोष पार केल्या. या फेऱ्यांना काही तास लागतात, तेवढा धीर ठेवावा. चांगल्या एकाच पट्टीवर विंडोज पहिल्याच प्रयत्नात बसले. सदोष पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. म्हणजे खऱ्या दुरुस्तीला काहीच खर्च आला नाही.

लॅपटॉपचे नेट मी त्याच रात्री तोडले, कार्ड बंद करवले, दुसऱ्या उपकरणावरून सर्व पासवर्ड बदलले आणि लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकले, कारण त्या अर्ध्या तासात तेथे काय ठेवले गेले हे सांगता येत नाही. बँकेत तक्रार केली, परंतु ओटीपी मी स्वतः दिलेला असल्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत.

काही आठवड्यांनी पुन्हा फोन आला. कंपनी बंद होत असल्यामुळे पैसे परत करायचे आहेत, असे सांगण्यात आले. हा त्याच फसवणुकीचा दुसरा अंक असतो: पुन्हा जोडून घ्यायचे, बँकेच्या पानावरचे आकडे ब्राउझरमध्येच बदलून जास्त रक्कम जमा झाल्याचे भासवायचे आणि वरचे पैसे परत मागायचे. मी एवढेच विचारले, की तुमच्या नोंदीप्रमाणे माझा कोणता संगणक बंद पडत होता. पलीकडून क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, “तुमचा लॅपटॉप, साहेब.”