मामा तलाव आणि 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार': झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, ही योजना कितपत कामाची?

तलाव सरकारचा, पोकलेन स्वयंसेवी संस्थेचे, ट्रॅक्टर शेतकऱ्याचा आणि ठराव ग्रामसभेचा. तलावातला गाळ काढून शेतात पसरवण्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना या चौघांच्या जोरावर चालते. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या दरांसह पुन्हा आली. बुलडाण्यात भारतीय जैन संघटना आणि जिल्हा प्रशासनाने मिळून केलेल्या कामामुळे तिचे नाव विदर्भभर झाले. हे परीक्षण मात्र भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या मामा तलावांपुरते आहे, कारण पाझर तलावाला, म्हणजे जमिनीत पाणी मुरवण्यासाठीच्या तलावाला, लावलेली मोजपट्टी मामा तलावाला जशीच्या तशी लागू पडत नाही.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून, मुख्यतः कोहळी समाजाने बांधलेले. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले आणि दरवर्षी गावाने मिळून गाळ काढायची, पाळ बांधायची रीतही सुटली. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. त्याच तलावात ढिवर बांधवांच्या संस्थेचा मासेमारीचा ठेका असतो, शिंगाडा असतो, गुरांचे पाणी असते. गाळ काढताना या सगळ्यांचा विचार होतो की नाही, यावर काम चांगले की वाईट ते ठरते.

आधी पैशांचे बघू. यंत्र आणि इंधन मिळून संस्थेला घनमीटरमागे ३१ रुपये मिळतात. गाळ फुकट, स्वामित्वधन (रॉयल्टी) नाही. अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकरी, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना गाळ वाहून नेऊन पसरवण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी ३७,५०० रुपये अनुदान आहे. एकरी मर्यादा ४०० घनमीटरची. हा आकडा जमिनीलाही मानवणारा आहे: एका एकरावर ४०० घनमीटर पसरले की थर जवळपास चार इंचांचा होतो.

आता हिशेब. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर माल बसतो. एकराला सुमारे १४१ ट्रॉल्या लागतात. १५,००० भागिले १४१ म्हणजे ट्रॉलीमागे जेमतेम १०६ रुपये. शेत तलावापासून किलोमीटरभराच्या आत आणि ट्रॅक्टर घरचा, तर डिझेल निघते. भाड्याचा ट्रॅक्टर लावणाऱ्या दोन एकरवाल्याला हे पुरत नाही, आणि रक्कम काम झाल्यावर खात्यात येते, म्हणजे आधीचा खर्च त्यानेच करायचा. ज्याच्यासाठी अनुदान आहे तोच मागे राहतो, ही या योजनेची मोठी उणीव. त्यावर उपाय एकच दिसतो: चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून ट्रॅक्टर लावायचा आणि एकाची बांधी (बांध घातलेला धानाचा तुकडा) पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याची धरायची.

यंत्राचे गणितही असेच नाजूक. वीस टनी पोकलेन तीन-चार बकेटांत ट्रॉली भरते, तीन मिनिटांत. शेत दोन किलोमीटरवर असेल तर फेरीला अर्धा तास जातो. म्हणजे एका यंत्रामागे आठ-दहा ट्रॅक्टर हवेत. तीनच आले तर तासाला सहा फेऱ्या, १७ घनमीटर, आणि ३१ रुपयांनी ५२७ रुपये. त्यात डिझेल आणि चालकाची मजुरी सुटत नाही. मग यंत्रवाला एकतर दुसऱ्या गावाला निघून जातो, नाहीतर हायवा (मोठा टिप्पर) लावून एकगठ्ठा माल उचलणाऱ्याकडे वळतो. गाळ वीटभट्टीवर जायला सुरुवात होते ती इथूनच. यंत्र बोलवायच्या आधी ट्रॅक्टरवाल्यांची नावे, दिवस आणि पाळ्या कागदावर लिहून ग्रामपंचायतीत लावा. संस्थेचा समन्वयक चांगला की कच्चा, हे त्याने ही यादी मागितली की नाही यावरून ओळखावे.

खरी अडचण वेळेची. उन्हाळी धान असलेल्या गावांत तलावाचे पाणी एप्रिलपर्यंत लागते. तळ सुकून यंत्राचे वजन पेलायला मे उजाडतो, आणि जूनच्या मध्यावर पाऊस. हाती राहतात पाच-सहा आठवडे. या काळात मागणी करायला निघालेल्या गावाचा उन्हाळा कागदपत्रांतच जातो. ग्रामसभेचा ठराव २६ जानेवारीलाच घ्यावा. सोबत सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाच्या प्रती जोडून शेतकऱ्यांची यादी. मग जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडून मोजणी आणि अंदाजपत्रक, पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची मंजुरी. मार्चअखेर कार्यादेश हातात नसेल तर त्या वर्षाची आशा सोडून पुढच्या वर्षाची तयारी धरलेली बरी.

मोजमापावरून भांडणे होतात, ती बहुतेक गैरसमजाची. खोदलेला गाळ फुगतो. खड्ड्यातले १०० घनमीटर ट्रॉल्यांत भरले की १२०-१२५ भरतात. शेतकरी ट्रॉल्या मोजतो, अभियंता खड्डा मोजतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. कोणते माप बिलाला धरणार हे पहिल्या दिवशीच ठरवून, सरपंच, संस्था आणि अभियंता यांच्या सह्या घ्या. खोदण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो ॲपवर चढवले जातात हे चांगलेच आहे, पण नेटवर्क नसलेल्या तलावावर नोंदी संध्याकाळी घरी बसून भरल्या जातात आणि तिथेच चुका शिरतात. गावाची स्वतःची वही हवीच.

आता खोदाई. इथे चूक झाली तर ती भरून काढता येत नाही. गाळाखाली चिकणमातीचा थर असतो, तो तलावाचा तळ. तो फोडून मुरूम लागला की पाणी झिरपून जाते आणि जो तलाव फेब्रुवारीपर्यंत टिकायचा तो दिवाळीतच आटतो. म्हणून आधी पाच-सहा ठिकाणी हाताने खड्डे घेऊन गाळाची जाडी पाहावी आणि चालकाला खुंटीवर खूण करून द्यावी. पाळीच्या पायथ्यापासून किमान दहा मीटर बकेट लागू देऊ नये. कडा सरळ तोडू नयेत, एकास तीनचा उतार ठेवावा. सरळ कड्याच्या खड्ड्यात गुरे आणि पोरे बुडतात. मुरूम किंवा रेती उचलणे योजनेत बसत नाही, ते दिसताच काम थांबवायला सांगण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट कुणी समजावून सांगत नाही. तुडूम म्हणजे पाळीतले पाणी सोडायचे दार; त्याच्या उंबरठ्याच्या खाली कितीही खोल खोदले तरी ते पाणी नहराला (कालव्याला) आपोआप चढत नाही. मासळीला, गुरांना, विहिरींना त्याचा उपयोग आहे. धानाच्या ओलितासाठी मात्र उथळ, पसरट भागातला गाळ निघायला हवा. यंत्रवाल्याला एकाच जागी खोल खड्डा सोयीचा पडतो, घनमीटर लवकर भरतात. तुडूम फुटका, नहर बुजलेला आणि सांडव्यावर अतिक्रमण असेल तर वाढलेली साठवण कागदावरच राहते. ही दुरुस्ती या योजनेत नाही. ती रोजगार हमीतून किंवा जिल्हा परिषदेच्या निधीतून त्याच उन्हाळ्यात जोडून घ्यावी लागते.

सगळ्यात दुखरी बाजू मासळीची. पूर्ण तळ खरवडला की देशी पाणवनस्पतींची मुळे आणि कंद ट्रॉलीत निघून जातात. मग मरळ, शिंगूर यांना आसरा राहत नाही आणि मोकळ्या काठावर बेशरम हे रानझुडूप फोफावते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांच्या, विशेषतः बायांच्या साथीने उलट्या टोकाने काम केले: बेशरम मुळासकट उपटणे, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावणे. गाळाच्या योजनेला याचीच जोड हवी. तलावाचा एक चतुर्थांश भाग, शक्यतो पाणी आत येते त्या बाजूचा, न खोदता सोडावा. कुठला भाग सोडायचा हे मासेमारी संस्थेला विचारून ठरवावे. पोकलेन लावणाऱ्या किती संस्था आधी ढिवर मोहल्ल्यात जाऊन बसतात? फार थोड्या, आणि हे बदलायलाच हवे.

शेतात गाळ टाकताना घाई करू नये. सिहार, खरडी, बर्डी अशा हलक्या जमिनीला तो मानवतो. कन्हारात, म्हणजे भारी काळ्या जमिनीत, टाकला तर पाणी तुंबते. ओला गाळ मुठीत दाबून फीत निघते का पाहा. लगेच तुटली तर त्यात रेती जास्त, वाहतुकीचा खर्च वाया. काठावर पांढरा थर दिसला तर आधी तपासणी करून घ्या; साकोली, हिवरा, सिंदेवाही आणि सोनापूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. चार इंचांवर जाऊ नये. मेअखेर पसरवून आडवी-उभी नांगरणी करावी, ढेकळे पहिल्या पावसात विरघळतात. बेशरमचे तुकडे वेचून जाळावेत, नाहीतर ते धुऱ्यावर (बांधावर) उगवते. देवधानाचे (रानटी धानाचे) बीही गाळातून येते, म्हणून पहिल्या वर्षी त्या बांधीत आवत्या न टाकता, म्हणजे बी न फेकता, रोवणाच (रोपांची लावणी) करावा. ओळीबाहेर उगवलेले लगेच ओळखू येते.

यंत्र गावातून जाण्याआधी पांदण रस्ता दुरुस्त करून घ्या, पाचशे-हजार ट्रॉल्यांनी त्याची चाळण झालेली असते. आणि संस्थेचे शेवटचे बिल निघण्यापूर्वी, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, सरपंच व अभियंत्याने पाळीवरून एकदा चालत जावे. पाळीच्या बाहेरच्या बाजूला नवी ओल दिसली तर चिकणमाती फुटली आहे असे समजा. ती जागा काळ्या मातीने भरून, ठोकून घेण्याचे काम त्याच आठवड्यात झाले पाहिजे.