आयएसओ ९००१ की एनएबीएल? छोट्या लॅबवाल्याच्या नजरेतून

आयएसओ ९००१ म्हणजे कुठल्याही धंद्याच्या कामकाजाच्या शिस्तीचं प्रमाणपत्र, आणि एनएबीएल म्हणजे लॅबच्या तपासण्यांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. दोन्हींची फी माझ्या खिशातून गेली आहे, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. माझी लॅब तालुक्याच्या गावी. तीन टेक्निशियन, एक बायोकेमिस्ट्रीचं मशीन, एक सेल काउंटर, एक इलेक्ट्रोलाइटचं (सोडियम-पोटॅशियम मोजायचं) मशीन आणि आसपासच्या गावांत दोन कलेक्शन सेंटर. मोठ्या साखळी लॅबमध्ये क्वालिटी मॅनेजर नावाचा वेगळा माणूस असतो. आमच्याकडे तोही मीच, त्यामुळे हे त्यांच्यासाठी नाही.

आधी ९००१ घेतलं. घ्यायला सोपं, यात वाद नाही. तक्रारवही, मशीनच्या कॅलिब्रेशनच्या तारखा, कोणाचं काम कोणतं याचा तक्ता, असं सगळं मार्गी लागलं. रीएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनाचा, डबा उघडला की त्यावर तारीख टाकायची सवय आमच्या मुलांना तिथूनच लागली, हे श्रेय द्यायलाच हवं. ऑडिटर सज्जन होते. फाईली चाळल्या, सह्या बघितल्या, चहा घेतला.

माझं घोडं अडलं ते पोटॅशियमवर.

एका सेंटरवरून सकाळी सातला घेतलेले नमुने आमच्याकडे दुपारी एकच्या सुमारास यायचे. मुलगा मोटारसायकलवरून आणायचा, बर्फाच्या डब्यात. डब्याला थर्मामीटर, तापमानाची नोंद, खाली सही. ऑडिटरनी ती वही बघून मान डोलावली. पुढे एका फिजिशियनचा फोन आला : ‘‘अहो डॉक्टर, या पेशंटचं पोटॅशियम ५.८ कसं? माणूस धडधाकट समोर बसलाय.’’ सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) बघितलं तर काचेसारखं स्वच्छ, हिमोलिसिसचा, म्हणजे पेशी फुटल्याचा, मागमूस नाही. सकाळचा कंट्रोल, म्हणजे मशीन तपासायला लावतो तो आधीच माहीत असलेल्या आकड्याचा नमुना, मध्यरेषेला चिकटून. पेशंटला लॅबमध्येच बोलावून ताजं रक्त घेतलं, ४.४ आलं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. सीरम वेगळं न करता प्लेन ट्यूब सहा तास बर्फात. थंडीत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, म्हणून सीरम लालही होत नाही. चूक माझी, हे कबूल. एमडीला असताना वाचलेलं होतं. पण मला खटकलं ते वेगळंच. त्या वहीतली प्रत्येक नोंद खरी होती, ९००१च्या हिशेबात सगळं चोख होतं, आणि रिपोर्ट मात्र चुकीचा. रक्त सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून सीरम वेगळं करून, निघालं होतं का, एवढा एक प्रश्न कोणी विचारला नाही. विचारणार कसं? ९००१ हे बेकरीलाही लागू आणि लॅबलाही.

एनएबीएलचा पाया आयएसओ १५१८९, म्हणजे फक्त वैद्यकीय लॅबसाठी लिहिलेलं मानक. २०२२च्या आवृत्तीत रुग्णाला पोचणाऱ्या धोक्याचा विचार जागोजागी करायला लावला आहे. पण माझ्यासाठी फरक पडला तो माणसाचा. तपासायला येणारा टेक्निकल असेसर आपल्याच धंद्यातला असतो. आमच्याकडे आलेल्या बाईंनी लेव्ही-जेनिंग्ज चार्ट (कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांचे आलेख) मागवले, एका टेक्निशियनला ‘‘कंट्रोल बाहेर गेला तर तू काय करतोस?’’ असं विचारून त्याला घाम फोडला, आणि मग सेंटरची वही उघडून थेट विचारलं, ‘‘रक्त फिरवता कुठे? इथे की तिथे?’’ तोवर आम्ही सेंटरवर छोटं सेंट्रिफ्यूज आणि सीरम पेशींपासून वेगळं ठेवणाऱ्या जेलच्या ट्यूब ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. आधी आल्या असत्या तर एनसी, म्हणजे त्रुटीचा लेखी शेरा, पक्की होती.

ईक्यूएएसने, म्हणजे बाहेरची संस्था नमुना पाठवून आपलं उत्तर पडताळते त्या योजनेने, ही चूक पकडली असती असं कोणी म्हणेल. नसती. तो नमुना सरळ मशीनवर चढतो, तो काही मोटारसायकलवरून येत नाही. तरी ईक्यूएएस कराच. बायोकेमिस्ट्रीला वेल्लोरच्या सीएमसीचा आहे, हिमॅटॉलॉजीला दिल्लीच्या एम्सचा.

आता एनएबीएलची दुसरी बाजू. खर्च जास्त, दोन्ही लेव्हलचे (नॉर्मल आणि नॉर्मलबाहेरचे) कंट्रोल नियमित लावायचे म्हटलं की रीएजंटचं बिलही फुगतं. अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू, दर टेस्टचं व्हेरिफिकेशन. शिकवून तयार केलेली मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली की त्या टेबलची कॉम्पिटन्सी, म्हणजे काम नीट येतं का याची तपासणी, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, टेस्टनिहाय मिळते. जी टेस्ट स्कोपमध्ये, म्हणजे मान्यतेच्या यादीत, नाही तिच्यापुढे खूण करावी लागते. मग पेशंट विचारतात, ‘‘माझ्याच टेस्टला फुली का?’’ त्याचं उत्तर काउंटरवरच्या मुलीला पाठ करून ठेवावं लागतं.

हे सगळं एकदम झेपणार नसेल तर एनएबीएलचीच एंट्री लेव्हल योजना आहे, २०१९ पासून. साखर, सीबीसी, लिव्हर, किडनी, लघवी अशा रोजच्या तपासण्या करणाऱ्या छोट्या लॅबसाठी, कागदपत्रं आणि शुल्क दोन्ही कमी. मात्र तिथे कायम मुक्काम करता येत नाही, ठरावीक मुदतीत पूर्ण मान्यतेकडे जायचं असतं. माझ्या मते नवख्याने इथून सुरुवात करणं शहाणपणाचं. मी थेट पूर्ण मान्यतेत उडी मारली आणि वर्षभर रविवार विसरलो.

९००१ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एखाद्या कंपनीच्या टेंडरमध्ये तेच मागितलं असेल, किंवा लॅबमध्ये अजून रजिस्टरांचाच पत्ता नसेल, तर जरूर घ्या. तुमच्या गावचं गणित माझ्यापेक्षा वेगळंही असेल. मी मात्र यंदा त्याचं नूतनीकरण केलं नाही. त्या पैशांतून दुसऱ्या सेंटरलाही सेंट्रिफ्यूज घेतलं.