सोलापुरात जुना रेडिओ घ्यायचाय: व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टर?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. घर स्वतःचं असेल, गच्ची हाताशी असेल आणि अंगणात अर्थिंगचा खड्डा करता येत असेल तर व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला, सेट घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल, वरखाली शेजाऱ्यांचे एलईडी, इन्व्हर्टर आणि चार्जर असतील, तर सेलवर चालणारा मोठा ट्रान्झिस्टर घ्या आणि व्हॉल्व्हचा मोह सोडा. मिडियम वेव्ह (आकाशवाणीची जुनी केंद्रं लागतात तो डायलवरचा पट्टा) कशी लागणार हे कंपनीच्या नावावर फारसं ठरत नाही. तुमच्या घरात सेट कुठे आणि कशाला जोडून ठेवता येतो, त्यावर ठरतं. मर्फी भारी की बुश, फिलिप्स की एचएमव्ही, यावर लोक संध्याकाळच्या संध्याकाळ वाद घालतात. तेवढ्या वेळात गच्चीवर वायर ताणून होते.

मिडियम वेव्हच्या हिशेबाने सोलापूर मोठ्या मजेशीर जागी वसलंय. पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून पुणे. पूर्वेला हैदराबाद. दक्षिणेला, जरासं पश्चिमेकडे धारवाड. हवाई अंतर मोजलं तर तिन्ही अडीचशे किलोमीटरच्या थोडं अलीकडे-पलीकडे. आणि डायलवर तिन्ही एकमेकांना खेटून: हैदराबाद ७३८ किलोहर्ट्झ, धारवाड ७६५, पुणे ७९२. शेजारच्या दोघांमध्ये फक्त २७ किलोहर्ट्झ. जुन्या काचेवर मीटर छापलेले असतील, तर हाच पट्टा साधारण ४०७ ते ३७९ मीटरमध्ये शोधा. तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही भाषा आपल्या गावात रोज कानावर पडतात. रेडिओच्या काट्याला त्या ओलांडायला बोटभरही जागा लागत नाही. सोलापुरात सेट तपासायचा तो इथेच. कलबुर्गी ११०७ वर दणक्यात वाजलं म्हणून भुलू नका, ते शंभरेक किलोमीटरवर आहे, आजारी सेटवरही लागतं.

अलीकडे आकाशवाणीने बरेच मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केलेत. त्यामुळे खरेदीला निघण्याआधी ओळखीतल्या कुणाच्या चालू सेटवर कोणती केंद्रं हवेत आहेत ते ऐकून घ्या, नाहीतर दुकानात उगाच बिचाऱ्या सेटला दोष जाईल. आणखी एक. काचेवर छापलेल्या नावाशी काटा जुळत नाही म्हणून सेट नाकारू नका. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया-युरोप-आफ्रिकेतली मिडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या घरांत नव्याने बसवली गेली. त्याआधीच्या काचा जुन्या जागाच दाखवणार.

तपासायची वेळ दुपारची. विकणारे संध्याकाळी बोलावतात, आणि त्यात त्यांचा फायदा असतो. दिवसा वातावरणाच्या खालच्या थरात मिडियम वेव्ह शोषली जाते, फक्त जमिनीलगतची लहर पोचते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरून परतलेली लहरही येऊ लागते. मग साध्यासुध्या सेटवरही शेकडो किलोमीटरवरची केंद्रं गर्दी करतात. दुपारी दोनला पुणे बारीक पण स्थिर ऐकू आलं, तर सेटमध्ये दम आहे. रात्री तेच पुणे मोठ्याने येईल, पण अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात जमिनीवरची आणि आकाशातून परतलेली अशा दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे आवाज चढतो, बुडतो, मधूनच चिरकतो. हे फेडिंग कुठल्याही सेटने पूर्ण जात नाही. चांगल्या एजीसीने (आवाज आपोआप सारखा ठेवणाऱ्या सर्किटने) चढउतार कमी होतो, चिरकणं तेवढंच राहतं. एखाद्या केंद्राच्या शेजारी सपाट सरसर सतत ऐकू येत असेल तर तोही सेटचा दोष नसावा. आकाशवाणीच्या कित्येक ट्रान्समीटरवर डीआरएम या पद्धतीचं डिजिटल प्रसारण जोडीला चालतं, ते जुन्या सेटला तसंच ऐकू येतं.

आता व्हॉल्व्हचा सेट. आवाजात त्याला तोड नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. लाकडी पेटी, मोठा स्पीकर, ईएल ८४ सारखा आउटपुट व्हॉल्व्ह: बातम्या वाचणारा माणूस खोलीत बसल्यासारखा वाटतो. पण मिडियम वेव्ह पकडण्याच्या बाबतीत त्याची सगळी भिस्त एरियलवर. पन्नाशीच्या दशकातल्या बहुतेक सेटना आत स्वतःची एरियल नसते. मागे दोन सॉकेट, एक एरियलचं, एक अर्थचं. पूर्वी घरोघरी आढ्याखाली तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची. ती जाळी आज टांगू नका. त्या काळी घरात विजेवर चालायचे ते दिवे आणि पंखा. आज तीच जाळी छतातल्या प्रत्येक एलईडीचं घूं इमानेइतबारे गोळा करून रेडिओला देते. वायर घराबाहेर, गच्चीवरून निदान पंधरा-वीस मीटर, विजेच्या तारांपासून लांब आणि त्यांना समांतर नाही, अशी ताणा. खाली आणताना कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी जाळीबंद वायर) वापरा. अर्थिंग घरच्या वायरिंगचं घेऊ नका, त्यात चार्जरांची घाण आधीच उतरलेली असते. अंगणात वेगळा रॉड ठोका. जुळे सोलापूरच्या बाजूला काळ्या मातीत असा रॉड पाण्याच्या दोन बादल्यांवर बराच काळ ओल धरतो. मुरमाड जागेत उन्हाळ्यात रोज पाणी घालत बसावं लागेल.

एवढं केलं तर दुपारच्या पुण्याला व्हॉल्व्हचा सेट कुणाला ऐकत नाही.

घेण्याआधी मागचा पुठ्ठा काढायला लावा आणि व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ अशी ई ने सुरू होणारी मालिका आणि शेजारी जाडजूड ट्रान्सफॉर्मर दिसला तर पुढे बोलणी करा. यूसीएच ८१, यूएल ८४ अशी यू ची मालिका असेल आणि ट्रान्सफॉर्मर नसेल, तर तो एसी-डीसी सेट: त्याची चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते. बटणाचा स्क्रू उघडा पडला तरी शॉक बसू शकतो, आणि अशा चेसिसला अर्थ थेट जोडणं म्हणजे अपघाताला बोलावणं. असे सेट वाजतात छान. पण नवख्याने घेऊ नयेत, घरात पोरंबाळं असतील तर नाहीच.

बरेच वर्ष बंद पडलेला व्हॉल्व्ह सेट थेट प्लगला लावून दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. जाणता मेकॅनिक आधी सिरीजमध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावतो. आपल्याकडच्या मे महिन्यात माळ्यावर पडलेल्या सेटमधले मेणकागदाचे कंडेन्सर अक्षरशः पाझरलेले असतात. चेसिसवर तपकिरी थेंब दिसतात. त्यातला आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा एक कंडेन्सर लीक झाला की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि ट्रान्सफॉर्मरही जातो. तो आणि फिल्टरचे कंडेन्सर बदलणं हा दुरुस्तीतला स्वस्त भाग आहे. जाड घुमणारा हम त्यानेच जातो. पण कुणी आधी येऊन आयएफटी या छोट्या डबीबंद कॉइलचे गाभे स्क्रू ड्रायव्हरने पिळून ठेवले असतील, एखादा तुकडा आत मोडून बसला असेल, तर समजा सेटची धार, म्हणजे शेजारची केंद्रं वेगळी करायची ताकद, गेली. धारवाडच्या मागे पुणे आणि हैदराबाद दोन्ही कुजबुजायला लागतात ते यामुळेच. पॉलिश बघू नका, पॉलिश कुणीही करतं.

ट्रान्झिस्टरचा खेळ वेगळा. इथे एरियल आतच असते: फेराइटची काळी कांडी, तिच्यावर बारीक रेशमी वायरचे वेढे. ही कांडी दोन कामं करते आणि दोन्ही आपल्या कामाची. पहिलं, ती जवळच्या वायरिंगमधली विजेची खरखर ताणलेल्या वायरच्या मानाने कमी उचलते. दुसरं, तिला दिशा कळते. कांडीला काटकोनात येणारं केंद्र जोरात, टोकाच्या दिशेने येणारं जवळजवळ गप्प.

सोलापूरची गंमत इथे कळते. आपल्या गावातून पुणे आणि धारवाड या दिशा जवळपास काटकोनात आहेत. काटा ७९२ वर लावा. सेट टेबलावर असा ठेवा की त्याची लांबी दक्षिणोत्तर, दक्षिणेकडचं टोक किंचित पश्चिमेकडे. धारवाड खचतं, पुणे वर येतं. आता सेट हळूहळू चतकोर फिरवा, काट्याला हात न लावता. पुणे बारीक होत होत एका जागी बुडतं. काटा ७६५ वर न्या, धारवाड ठणठणीत. सेट चांगला असेल तर ही बुडी टोकदार असते, दोन-चार अंश हललात की केंद्र परत डोकं वर काढतं. दुकानात दुपारी हे एवढं एक करून बघितलंत तरी कांडी शाबूत आहे का, कॉइलची वायर तुटली आहे का, सगळं कळतं. पुणे आणि हैदराबाद मात्र फिरवून वेगळे होत नाहीत, ते जवळपास समोरासमोरच्या दिशांना आहेत. तिथे सेटची धारच लागते. रात्री वरून येणाऱ्या लहरीमुळे ही बुडी पुसट होते, म्हणूनही दुपार.

कव्हरवर ‘६ ट्रान्झिस्टर’, ‘८ ट्रान्झिस्टर’ असं मिरवलेलं असतं, त्याला फार किंमत देऊ नका. काही स्वस्त सेटमध्ये त्यातला एखादा नुसता डायोडचं काम करतो. मिडियम वेव्हवर खालची मर्यादा वातावरणातल्या आणि घरातल्या खरखरीची असते, त्यामुळे आकडा वाढवून काही हाती लागत नाही. कांडीची लांबी बघा. वीतभर कांडीचा मोठा टेबल-पोर्टेबल आणि बोटभर कांडीचा खिशातला सेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खिशातला घ्यायचा तर कपाटात ठेवायला घ्या.

जर्मेनियमच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या ट्रान्झिस्टरच्या, सेटमध्ये एक दुखणं ठरलेलं. एएफ ११४ ते एएफ ११७ या ट्रान्झिस्टरच्या डबीत आतल्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि डबीला शॉर्ट करतात. सेट अचानक मुका होतो, फक्त स्पीकरची फुसफूस उरते. मेकॅनिक शील्डची चौथी तार कापून पुष्कळदा तो जिवंत करतात. त्यामुळे मुका सेट पडेल भावात मिळत असेल आणि आत ही नावं दिसत असतील तर जरूर घ्या. सेलच्या खान्यात हिरवट चूर्ण साचलं असेल तर ते कुठवर पोचलंय ते बघा. स्प्रिंगपुरतं असेल तर ठीक, सर्किट बोर्डावर उतरलं असेल तर सोडून द्या. गँग (केंद्र लावायचा पात्यांचा कंडेन्सर) फिरवताना किरकिर झाली, मधेच केंद्र तुटलं, तर पात्या एकमेकींना घासताहेत. आवाजाच्या बटणाची खरखर मात्र किरकोळ, ती साफ होते.

आणि सेलवरच चालवा. ॲडॉप्टर लावलात की जी घाण टाळायला ट्रान्झिस्टर घेतला तीच मागच्या दाराने आत येते. नवी पेठेतल्या एका मेकॅनिकचं म्हणणं असं, ‘साहेब, सेट बरा आहे ओ, तुमच्या घरातला बल्ब आजारी आहे.’ खरंय ते. खरखर येते म्हणून सेट परत करण्याआधी घरातला मेन स्विच एकदा बंद करा. सेलवरचा सेट वाजत असताना मेन पाडला आणि पुणे एकदम स्वच्छ झालं, तर एकेक करून गुन्हेगार शोधा. बहुधा एखादा स्वस्त एलईडी किंवा न काढलेला चार्जर निघतो. पूर्व भागात कारखान्याला लागून घर असेल तर लूमच्या मोटारी बंद असतील त्या वेळेला ऐका, बाकी इलाज थोडे. व्हॉल्व्ह सेटवाल्याला मात्र हे मेन पाडून शोधणं जमत नाही, त्याचा सेटही बंद पडतो. म्हणून व्हॉल्व्हचा घेतलात तरी घरात एक छोटा सेलवाला ट्रान्झिस्टर असू द्या, नुसता खरखर हुंगायला.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले आयसीवाले (बरंचसं सर्किट एका चिपमध्ये असलेले) सेट या तुलनेत कुठे बसतात? मधे. सिरॅमिक फिल्टरमुळे केंद्रं नीट वेगळी होतात, आयएफटी कुणी पिळण्याचा धोका कमी, भावही कमी. आवाज पातळ, कांडी बहुधा आखूड. फक्त बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम ऐकायचे असतील तर हेच घ्या आणि पैसे वाचवा.

गच्चीवर वायर ताणणाऱ्याने एका गोष्टीत हयगय करू नये. वळवाचे ढग दिसले की एरियल सेटपासून काढून अर्थला जोडायची, त्यासाठी खिडकीशी जुन्या पद्धतीचा चाकूसारखा स्विच बसवून घ्या. तसंही एप्रिल-मेच्या त्या संध्याकाळी मिडियम वेव्हवर कडकडाटाशिवाय काही ऐकू येत नाही.

आणि भंगाराच्या दुकानात मळकट, लोखंडी डबीतला जुना कार रेडिओ दिसला तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. इंजिनाच्या ठिणग्यांशेजारी राहून केंद्र पकडायला तो बनवलेला, त्यामुळे डबी चांगली बंदिस्त आणि पुष्कळदा पुढे आरएफचा, म्हणजे आलेली लहर आधीच मोठी करणारा, जादा टप्पा. १२ व्होल्टची बॅटरी, गाडीची असते तशी छोटी उभी एरियल घराबाहेर लावून, आणि हातचा एक मोठा स्पीकर: फ्लॅटच्या गॅलरीत हे जमतं. लांब वायर त्याला जोडू नका, तो भांबावतो. बॅटरी लावण्याआधी डबीवर पॉझिटिव्ह अर्थ लिहिलंय की निगेटिव्ह, म्हणजे डबी बॅटरीच्या कुठल्या टोकाला जोडायची, ते वाचा. काहींना मागे त्यासाठी वेगळा स्विच असतो.