वर्डफेन्सचं फ्री व्हर्जन: कामाचं आहे, पण भरवसा किती ठेवायचा?

स्वतः होस्टिंग घेऊन वर्डप्रेसवर ब्लॉग चालवताय त्यांच्यासाठी लिहितोय. माझा ब्लॉग लालबाग-परळच्या खानावळींवर आहे, वाचणारे मोजकेच, आणि अशा ब्लॉगवाल्यांचा एक ठरलेला डायलॉग असतो की "आपल्याला कोण कशाला हॅक करतंय". त्यांनी वर्डफेन्स (वर्डप्रेसवर वरून जोडायचं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगिन, हे सिक्युरिटीचं) टाकून फक्त त्यातलं लाइव्ह ट्रॅफिकचं, म्हणजे साईटवर कोण येतंय ते दाखवणारं पान उघडून बघावं. भल्या पहाटे, भायखळ्याच्या मार्केटात भाजीचे ट्रक खाली होत असतात त्या वेळेला, माझ्या लॉगिनवर ओळीने ट्राय चाललेले, आधी युजरनेम अॅडमिन, मग टेस्ट, मग थेट ब्लॉगच्या नावातला पहिला शब्द. ही माणसं नाहीत, बॉट आहेत, त्यांना तुमची मिसळीची पोस्ट वाचायची नाहीये, तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम मेल सोडायचेत नाहीतर गूगलवरून आलेल्या वाचकाला भलत्याच साईटवर ढकलायचंय.

हे थांबवायचं काम प्लगिन मस्त करतं. फक्त डिफॉल्ट सेटिंग फारच दिलदार आहे, 20 वेळा पासवर्ड चुकला की मग लॉक, मी ते 5 वर आणलं. चुकीचं युजरनेम टाकलं की लगेच बाहेर, असाही एक ऑप्शन आहे, पण तो लावायच्या आधी विचार करा कारण विरार फास्टमध्ये एका हाताने मोबाईलवर टाइप करताना एक अक्षर इकडचं तिकडं झालं की आपणच लॉक, मग अनलॉकच्या मेलची वाट बघत बसा. टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही टाकायचा) फ्रीमध्येच मिळतं, ते पहिल्या दिवशी चालू करा आणि रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवा, फोन हरवला की तेच कामाला येतात. एक्सएमएल-आरपीसी नावाचा लॉगिनचा मागचा दरवाजा असतो, वर्डप्रेसचं मोबाईल अॅप किंवा जेटपॅक हे प्लगिन वापरत नसाल तर त्यावरून होणारं लॉगिनही बंद करून टाका, सेटिंग तिथेच आहे.

मला सगळ्यात आवडलं ते स्कॅन. वर्डप्रेसच्या मूळ फाइलींशी आपल्या फाइली ताडून बघतं आणि कुठली ओळ बदललीय ते समोरासमोर दाखवतं. माझ्याकडे त्याने पकडलं ते वेगळंच. ज्या पोराने आधी साईट सेट करून दिली होती त्याने कॉन्फिग फाइलची (डेटाबेसचा पासवर्ड असतो ती पीएचपी फाइल) कॉपी शेवटी डॉट बॅक (.bak) लावून तिथेच सोडलेली. पीएचपी फाइल सर्व्हर चालवतो म्हणून आतलं कोणाला दिसत नाही, पण शेवटी डॉट बॅक लागलं की ती साधा मजकूर म्हणून उघडू शकते, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड ब्राउझरमध्ये वाचून घ्या! डिलीट केली आणि पासवर्ड बदलला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. विकत घेतलेली थीम (साईटचा लूक ठरवणाऱ्या फाइली) मात्र ते असं ताडून बघू शकत नाही, आणि टेलिग्रामवरून फुकट नल्ड (लायसन्स तोडलेली चोरीची) थीम उतरवून वर सिक्युरिटी प्लगिन टाकणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

आता रडगाणं. फायरवॉलचे (हल्ले ओळखून अडवणारा प्लगिनचा भाग) नवे नियम प्रीमियमवाल्यांना लगेच, फ्रीवाल्यांना 30 दिवसांनी. हे किरकोळ नाही. सप्टेंबर 2020 मध्ये फाइल मॅनेजर प्लगिनमध्ये भोक सापडलं, 7 लाखांवर साईटींवर ते होतं, लॉगिन न करता कोणीही फाइल चढवू शकत होतं आणि पॅच (दुरुस्ती केलेलं व्हर्जन) यायच्या आधीच हॅकर आत शिरत होते. अशा वेळी महिनाभर थांबून काय करणार, म्हणून प्लगिनचं ऑटो-अपडेट चालू ठेवायचं (2020 च्या 5.5 पासून वर्डप्रेसमध्येच आहे) आणि जे प्लगिन वापरत नाही ते नुसतं डीअॅक्टिव्हेट नाही, डिलीट. दुसरं म्हणजे हा वॉचमन सोसायटीच्या गेटवर नसतो, आपल्या दाराच्या आत उभा असतो, प्रत्येक हल्ला आधी आपल्या सर्व्हरपर्यंत येतो आणि मगच अडतो. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर त्याचा भार जाणवतो, माझ्या होस्टिंगवाल्यांचा (नाव नको) रिसोर्स जास्त खाताय म्हणून मेलही आला, लो रिसोर्स स्कॅनिंग टिक केल्यावर गप्प झाले. स्कॅन कधी चालवायचं ते फ्रीमध्ये आपल्या हातात नाही. आणि मेल! बारीकसारीक गोष्टींचे अलर्ट येतात, निम्मे बंद केले नाहीत तर खरा अलर्ट त्यात बुडून जाईल.

साईट पडलीच तर हे प्लगिन ती परत उभी करून देत नाही, त्यासाठी बॅकअप वेगळा हवा. मी अपड्राफ्टप्लस या बॅकअप प्लगिनचं फ्री वापरतो, कॉपी गूगल ड्राइव्हवर जाते. त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप म्हणजे साईटबरोबर तोही गेला.

माझ्याकडून पाचपैकी चार. साईटवर पेमेंट घेत असाल, लोकांचे फोन नंबर-पत्ते साठवत असाल तर प्रीमियमचे पैसे भरा, डॉलरमध्ये आहेत आणि दरवर्षी द्यायचे आहेत, चावतात. नुसता ब्लॉग असेल तर फ्री बास आहे, पण टाकल्यावर तो ऑप्टिमाइझ फायरवॉलचा बटण नक्की दाबा, बरेच जण ती पिवळी पट्टी बंद करून पुढे जातात आणि मग फायरवॉल वर्डप्रेस लोड व्हायच्या आधी चालतच नाही.