निळ्या कार्डाच्या नादात भावालाच अडकवणार होते

सांगायला लाज वाटते पण सांगते, कारण तो माणूस अजून आमच्या तहसीलबाहेर बसतोय.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. अ‍ॅक्सिडेंटनंतर उजवा गुडघा वाकतच नाही, मांडीत रॉड आहे, टेम्पो विकला. कुणीतरी म्हणालं संजय गांधी निराधारचा फॉर्म भरा, दिव्यांगांना आता महिना २,५०० झालेत. चौकशीला गेलो तर साहेब मीटिंगला आणि बाहेर चहाच्या टपरीवर हा एजंट. "ताई, सिव्हिलला गेलात तर ३५ टक्के अपंगत्व लिहून देतात, ४० च्या खाली एक रुपया मिळत नाही. मी डायरेक्ट ८० करून देतो, दिव्यांगांचं निळं कार्ड, वर केंद्राची पेन्शन वेगळी." ७,५०० मध्ये सगळं, हॉस्पिटलला जायचंच नाही.

आता खरं सांगायचं तर ८० ऐकून मलाच मोह झाला. भाऊ म्हणत होता की मी चालतो फिरतो, मला ८० कोण देईल, मीच त्याला गप्प केलं.

आधार, पासबुक, फोटो सगळं दिलं. त्याने छोट्या मशीनवर भावाचा अंगठा घेतला, म्हणे नीट आला नाही, परत लावा, परत लावा, असं तीनदा. महिन्याभराने कार्ड आलं, एकदम खऱ्यासारखं, निळी पट्टी, एमएच ने सुरू होणारा नंबर. भावाने फॉर्मवर सही केली आणि आम्ही फाईल घेऊन तहसीलला गेलो.

तिथल्या क्लार्क मॅडमनी कार्ड बघितलं, भावाकडे बघितलं आणि विचारलं, "८० टक्के? जिना चढून आलात ना?" मग कॉम्प्युटरवर नंबर टाकला तर असा नंबरच नाही. आमचे हातपाय गार. मॅडम चांगल्या म्हणून फाईल आत घेतलीच नाही, नाहीतर सही भावाची, फोटो भावाचा, एजंटचं नाव कुठेच नाही. दिव्यांगांचा २०१६ चा जो कायदा आहे त्यात खोटेपणाने लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तरी २ वर्षांपर्यंत जेल नाहीतर १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पैसे आम्हीच देऊन गुन्हेगार पण आम्हीच.

आणि केंद्राचे जे आहेत ते ३०० रुपये, ते पण ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखाली असेल तरच. वेगळी पेन्शन वगैरे काही नाही, राज्य वरचे पैसे घालून तीच रक्कम पुरी करतं.

अंगठ्याचं घरी आल्यावर लक्षात आलं. पासबुक भरून आणलं तर अंगठा घेतला त्याच दिवशी ३,००० दोनदा गेलेले, बँकवाले म्हणाले आधारवरून, अंगठा लावून काढलेत. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करून तक्रार नोंदवली, पण महिना उलटून गेला होता. आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे आपला अंगठा, लॉक करता येतं हे तेव्हा कळलं, ते आधी करून टाका, फुकट आहे.

मग सरळ रस्त्याने गेलो. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे ह्याच दिव्यांग कार्डाचा अर्ज, त्याला पैसे लागत नाहीत, मग सिव्हिलला बोर्डासमोर तपासणी. दोन खेपा झाल्या, एकदा एक्स-रे जुना म्हणून परत पाठवलं. ४८ टक्के मिळाले, पिवळं कार्ड. संजय गांधीला ४० च लागतात, म्हणजे ८० ची गरजच नव्हती! उत्पन्नाचा दाखला, ५० हजारांच्या आतला, सेतूमधून काढला, त्याला दोन आकडी फी, पावतीसकट. एजंटने ह्याचेच १,५०० धरले होते.

पोलिसांत पण गेलो. ते म्हणाले पैसे दिल्याचा पुरावा काय. ६,००० रोख दिलेले, बाकीचे १,५०० फोन पे वर, तेवढाच एक स्क्रीनशॉट आहे, आणि ते पैसे ज्या नावावर गेलेत ते त्याचं नावच नाही.